शंखातला प्राणी कुणी पाहिला?

शाळिग्राम मराठी घरांना नवा नाही. नेपाळमधल्या काली गंडकी नदीच्या पात्रात मिळणारा हा काळा, गुळगुळीत दगड झिजला किंवा फुटला की आत चक्राकार, कंगोरेदार आकृती दिसते. ही आकृती म्हणजे ॲमोनाइट नावाच्या, आता नष्ट झालेल्या सागरी प्राण्याचा शंख होय, हे विज्ञानाच्या पुस्तकांतून आपण वाचलेले असते आणि वर्गातही अनेकदा सांगितलेले असते. या माहितीशेजारी बहुधा एक रंगीत चित्र छापलेले असते. त्यात ऐटदार शंख असतो, शंखाच्या तोंडातून आठ-दहा लवचिक भुजा बाहेर आलेल्या असतात आणि त्यांच्या मुळाशी एक मोठा डोळा आपल्याकडे बघत असतो.

शंख दगडात सापडला, हे खरे. या भुजा कुठे सापडल्या? चौकस विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर चित्राखाली सापडत नाही. पुस्तकात सापडत नाही आणि आता संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या हलत्या चित्रांतही सापडत नाही. शीर्षपाद प्राण्यांच्या मृदू अवयवांचे जीवाश्म फार दुर्मिळ आहेत. त्यांच्याविषयी लोकांसाठी जे लिहिले आणि रंगवले जाते, त्यात पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते हा फरक बहुतेक वेळा पुसून टाकला जातो. आमची तक्रार याबद्दल आहे. ती नीट मांडायची तर आधी हे जीवाश्म दुर्मिळ का, हे पाहावे लागेल.

मऊ शरीर दगडात उतरते कसे?

ज्यांच्या भुजा थेट डोक्याला जोडलेल्या असतात ते शीर्षपाद. आज समुद्रात असलेले अष्टपाद, माकूल, समुद्रफेन अंगात बाळगणारा कटलफिश आणि शंखात राहणारा नॉटिलस हे सारे या वर्गात येतात. कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेले पांढरे, हलके समुद्रफेन आपल्यापैकी अनेकांनी उचलले असेल. कटलफिश मरतो, कुजतो, मासे त्याला खातात आणि मागे उरते ते एवढेच. प्राचीन शीर्षपादांचेही असेच झाले. ॲमोनाइटचे शंख उरले. बेलेम्नाइट या दुसऱ्या नष्ट झालेल्या गटाच्या शरीरातली, बंदुकीच्या गोळीसारखी दिसणारी कठीण कांडी उरली. कच्छच्या ज्युरासिक खडकांत हे दोन्ही मिळतात. तिथल्या शीर्षपादांवर विल्हेल्म वागेन यांनी १८७० च्या दशकात मोठा ग्रंथ लिहिला. पण तो सारा अभ्यास शंख, त्यांवरील कंगोरे आणि आतल्या पडद्यांच्या नागमोडी रेषा यांचा आहे. शंखात राहणारा जीव त्यात नाही, कारण तो दगडात नव्हता.

मऊ शरीर दगडात उतरण्यासाठी अनेक गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. मृत प्राणी लवकर गाळाखाली गाडला गेला पाहिजे. तिथे प्राणवायू अत्यल्प असला पाहिजे, म्हणजे त्याला खाणारे कृमी-कीटक पोचत नाहीत. आणि कुजण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच स्नायूंची जागा एखाद्या खनिजाने घेतली पाहिजे. हे खनिज पुष्कळदा कॅल्शियम फॉस्फेट असते. कुजणाऱ्या शरीराच्या आत आम्लता थोडी वाढली, तर आजूबाजूला चुनखडीऐवजी फॉस्फेटचे कण साचू लागतात आणि स्नायूचा धागा न् धागा खनिजात उमटू शकतो. ही शर्यत काही दिवसांची किंवा आठवड्यांची असते.

येथे एक मार्मिक गोष्ट आहे. दगडात उतरण्याची संधी सर्व शीर्षपादांना सारखी मिळत नाही. थॉमस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली असा मुद्दा मांडला की, पाण्यात तरंगण्यासाठी अनेक माकूल जाती आपल्या ऊतींत अमोनियायुक्त द्रव साठवतात. अमोनिया आम्लाला मारक असतो. त्यामुळे मेलेल्या माकुलाच्या शरीरात आम्लता हवी तेवढी वाढत नाही आणि फॉस्फेट साचत नाही. अष्टपादाच्या शरीरात असा साठा नसतो. म्हणून मध्यजीव महाकल्पातल्या ज्या थोड्या ठिकाणी मऊ शरीरे टिकली, तिथे अष्टपादांचे नातलग मिळतात, पण खरे माकूल जवळजवळ मिळत नाहीत.

हे स्पष्टीकरण नीट लक्षात घेतले तर त्यातून एक ताकीद मिळते. एखादा प्राणी जीवाश्मांत दिसत नाही, म्हणजे तो त्या काळी नव्हताच असे नाही. कदाचित त्याच्या अंगातले रसायन त्याला दगड होऊ देत नसेल. आता दुसरी बाजू पाहू. एखादा ठसा जेव्हा दिसतो, तेव्हा तो आपल्याला वाटतो त्याच प्राण्याचा आहे का?

‘सर्वांत प्राचीन’ या शब्दांचा मोह

शीर्षपादांच्या जीवाश्मांविषयीच्या बातम्यांत ‘सर्वांत प्राचीन’ हे शब्द हटकून येतात. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या मेझन क्रीकचे. तेथे लोहयुक्त कार्बोनेटच्या गाठी मिळतात. त्या फोडल्या की आत ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे आणि प्राण्यांचे ठसे दिसतात. अशाच एका गाठीतल्या, काही सेंटिमीटर लांबीच्या ठशाला जोआन क्लुसेनडॉर्फ आणि पीटर डॉयल यांनी २००० साली पोलसेपिया हे नाव दिले आणि तो सर्वांत प्राचीन अष्टपाद असल्याचे सांगितले. पिशवीसारखे शरीर, दोन बाजूंना कल्ले, पुढे भुजा, शंखाचा पत्ता नाही, असे त्याचे वर्णन होते. नमुना मात्र एकच. ठसा पुसट, आणि अष्टपाद ओळखण्याची जी खूण, म्हणजे भुजांवरची चूषके, तीही त्यावर दिसत नव्हती. पुढे अनेक अभ्यासकांनी या ओळखीवर शंका घेतली. कुजून पसरलेल्या शरीराची बाह्यरेषा पुष्कळ गोष्टींशी जुळवता येते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तरीही ‘अष्टपाद ३० कोटी वर्षांपूर्वीही होते’ हे वाक्य लोकप्रिय पुस्तकांत आणि माहितीच्या तक्त्यांत सुखाने नांदत राहिले. शंका त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्याच मोंटाना राज्यातले. बेअर गल्च येथील चुनखडकात मिळालेला एक जीवाश्म १९८८ साली टोरोंटोच्या रॉयल ऑंटारियो संग्रहालयाला भेट म्हणून आला. बराच काळ त्याकडे कुणाचे विशेष लक्ष गेले नाही. २०२२ साली क्रिस्टोफर व्हॅलन आणि नील लँडमन यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. वय सुमारे ३२ कोटी ८० लाख वर्षे, दहा भुजा, त्यांवर चूषके, अंगात शंखाऐवजी पातळ पाते. हा अष्टपाद आणि व्हँपायर स्क्विड यांच्या कुळातला सर्वांत प्राचीन प्राणी असून या कुळाचा ज्ञात इतिहास त्यामुळे सुमारे ८ कोटी २० लाख वर्षांनी मागे जातो, असा त्यांचा दावा होता. प्राण्याच्या नावात अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांचे नाव गुंफलेले होते, त्यामुळे वर्तमानपत्रांना आयतीच बातमी मिळाली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, क्रिस्टियन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्यांच्या मते हा नवा प्राणीच नव्हे. त्याच खडकातून आधीच माहीत असलेल्या गॉर्डोनिकोनस या शीर्षपादाचा तो एक दबलेला नमुना असावा आणि पाते म्हणून जे सांगितले जाते ते कप्पे असलेल्या, चपट्या झालेल्या शंखाचे अवशेष असावेत. मूळ लेखकांनी या आक्षेपाला उत्तर दिले आणि आपला दावा कायम ठेवला. वाद दोन्ही बाजूंनी सभ्यपणे आणि पुराव्याच्या भाषेत झाला. त्याची बातमी मात्र झाली नाही.

येथे एक छोटे गणित करून पाहावे. ३२ कोटी ८० लाखांतून ८ कोटी २० लाख वजा केले तर २४ कोटी ६० लाख उरतात. म्हणजे २०२२ सालच्या या हिशेबात त्याआधीचा सर्वांत प्राचीन, भरवशाचा नातलग सुमारे २४ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा धरलेला होता. मग ३० कोटी वर्षांहून जुना पोलसेपिया कुठे गेला? तो हिशेबात नव्हताच. बातमी वाचणाऱ्याने एवढी वजाबाकी केली असती, तर एका ‘सर्वांत प्राचीन’ अष्टपादाला तज्ज्ञांनी कधीच बाजूला ठेवले आहे, हे त्याच्या लक्षात आले असते.

तिसरे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. कॅनडातील बर्जेस शेल हा सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा खडक मऊ शरीराच्या प्राण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील नेक्टोकॅरिस या प्राण्याचे वर्णन सायमन कॉनवे मॉरिस यांनी १९७६ साली एकाच नमुन्यावरून केले होते, आणि हा कोणत्या गटातला हे ठरत नसल्याने तो प्रश्न त्यांनी उघडा ठेवला होता. २०१० साली मार्टिन स्मिथ आणि जाँ-बर्नार्ड कॅरन यांनी आणखी पुष्कळ नमुने तपासले. एकूण ९१ नमुने हाती होते. दोन लांब भुजा, देठावरचे डोळे आणि डोक्याखाली नरसाळ्यासारखा अवयव. आजचे शीर्षपाद अशाच नरसाळ्यातून पाण्याचा झोत सोडून पोहतात. यावरून नेक्टोकॅरिस हा आद्य शीर्षपाद ठरवला गेला. शीर्षपादांचा उगम त्यामुळे सुमारे ३ कोटी वर्षे मागे गेला आणि ते शंखाशिवाय जन्मले असे चित्र तयार झाले.

आक्षेप लगेच आले. शीर्षपादांचे सर्व मान्य पूर्वज शंखधारी आहेत, मग हा बिनशंखाचा कसा? दातांची पट्टी कुठे आहे? भुजा दोनच का? हा वाद पंधरा वर्षे चालला. २०२५ साली याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी उत्तर ग्रीनलंडमधील सिरियस पॅसेट येथल्या सुमारे ५१ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या खडकातून याच कुळातल्या एका नव्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या पोटाच्या बाजूला एक मोठा मज्जातंतूंचा गुच्छ खनिजरूपात टिकला होता. असा गुच्छ आजच्या सजीवांत बाणकृमींनाच असतो. बाणकृमी म्हणजे समुद्रात तरंगणारे लहान, पारदर्शक शिकारी प्राणी. तेव्हा नेक्टोकॅरिसचे कुळ शीर्षपादांचे नसून बाणकृमींचे नातलग ठरले.

‘एकाच नमुन्यावर विसंबू नये’ हा धडा आपण नेहमी देतो. नेक्टोकॅरिसचे उदाहरण त्याच्या एक पाऊल पुढे जाते. तेथे नमुने ९१ होते. उणीव संख्येची नव्हती. भुजा आणि नरसाळे ही साम्ये अशी होती की, वेगवेगळ्या कुळांतल्या पोहणाऱ्या शिकारी प्राण्यांत ती स्वतंत्रपणेही येऊ शकतात. मज्जातंतूंचा तो गुच्छ मात्र एकाच कुळाची खूण होता. पुरावा किती आहे यापेक्षा तो दोन पर्यायांत निवड करू शकतो का, हे महत्त्वाचे.

जुना वाद, तोच प्रश्न

हा मोह आजचा नाही. १८४० च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, क्रिश्चन मॅलफर्ड या गावाजवळ, रेल्वेमार्गासाठी खणताना ऑक्सफर्ड क्ले या थरातून शाईची पिशवी, स्नायू आणि आकडे असलेल्या भुजांसकट शीर्षपाद मिळू लागले. चॅनिंग पिअर्स यांनी १८४२ साली त्यांना बेलेम्नोट्यूथिस हे वेगळे नाव दिले. १८४४ साली रिचर्ड ओवेन यांनी याच ठिकाणच्या नमुन्यांचे वर्णन बेलेम्नाइटचे मृदू अवयव म्हणून रॉयल सोसायटीपुढे मांडले आणि त्याबद्दल १८४६ साली त्यांना रॉयल मेडल मिळाले. गिडिअन मँटेल यांनी १८४८ साली हरकत घेतली, की हे प्राणी बेलेम्नाइट नव्हेतच, कारण बेलेम्नाइटची ती जाड कांडी यांच्यात नाही. पिअर्स आणि मँटेल यांची बाजू पुढे टिकली. बेलेम्नोट्यूथिस हा आज बेलेम्नाइटांचा जवळचा, पण वेगळा नातलग मानला जातो. तोपर्यंत शरीर एकाचे आणि कांडी दुसऱ्याची, असा जोडप्राणी काही काळ विद्वानांच्याही मनात वावरला होता.

याच थराने पुढे एक उत्तम उदाहरणही दिले. त्या शाईच्या पिशव्यांतली वाळलेली शाई काळी होती, एवढ्यावर कुणी थांबले नाही. २०१२ साली ज्युरासिक काळातल्या अशा शाईचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध झाले. तिच्यातले मेलॅनिन हे रंगद्रव्य आजच्या कटलफिशच्या शाईतल्या मेलॅनिनहून वेगळे ओळखता येत नाही, असे दिसले. सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी शाई बाळगत होते, हे विधान आज आपण निःशंकपणे करू शकतो. ही शाई नक्की कोणत्या शत्रूवर उडवली जाई, हे मात्र पिशवी सांगत नाही.

ॲमोनाइटविषयी खरोखर काय ठाऊक आहे?

आता चित्रातल्या त्या ॲमोनाइटकडे वळू. सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीपासून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीपर्यंत या गटाचे शंख असंख्य मिळतात. मृदू अवयव मात्र बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी मिळाले आहेत.

सर्वांत जास्त माहिती तोंडाची आहे, कारण जबडे आणि दात त्यातल्या त्यात कठीण. शंखांसोबत मिळणाऱ्या दोन झडपांसारख्या तुकड्यांना एकोणिसाव्या शतकात शंखाचे दार समजले जाई. १९७० च्या दशकात उलरिख लेमान यांनी ते खालच्या जबड्याचे भाग असल्याचे दाखवले. २०११ साली इसाबेल क्रुटा आणि सहकाऱ्यांनी बॅक्युलाइट्स या सरळ शंखाच्या ॲमोनाइटचे तोंड सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी, दगड न फोडता पाहिले. आत बारीक दातांची पट्टी होती आणि दातांजवळ सूक्ष्म प्लवकांचे तुकडे अडकलेले होते. निदान हा ॲमोनाइट तरी समुद्रात तरंगणारे बारीक जीव खात असे. ‘ॲमोनाइट हे क्रूर शिकारी होते’ असे सरसकट लिहिणाऱ्यांनी हा घास लक्षात ठेवावा. आणि ‘सर्व ॲमोनाइट प्लवक खात’ असेही यावरून लिहू नये. एकाच्या तोंडातला घास साऱ्या कुळाच्या आहाराचा दाखला होत नाही.

स्नायूंविषयीची माहिती २०२२ साली आली. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधून १९९८ साली मिळालेला सुमारे १६ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा एक ॲमोनाइट लेस्ली चर्न्स आणि सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन आणि क्ष-किरण या दोन्ही प्रकारांनी तपासला. शंखाच्या आत शरीराला जोडलेल्या स्नायूंच्या जोड्या त्यात दिसल्या. संकट आले की अंग आत ओढून घेणे आणि नरसाळ्यातून पाणी सोडून पोहणे, अशी त्यांची कामे लेखकांनी सुचवली.

जर्मनीतील आयश्टेट येथील नमुना याहूनही विलक्षण. २०२१ साली वर्णन केलेल्या या जीवाश्मात शंख नाहीच. नुसते शरीर आहे. अन्नमार्ग आहे, नराचे प्रजनन अवयव आहेत. कुणी भक्षकाने शरीर शंखातून ओढून काढले आणि हातून निसटले, की कुजताना ते आपोआप गळून पडले? क्लुग आणि सहकाऱ्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच हा प्रश्न ठेवला आहे आणि तो प्रश्न म्हणूनच सोडला आहे. या नमुन्यातही भुजा मात्र नाहीत.

मग चित्रातल्या भुजा येतात कुठून? जबडे, दातांची पट्टी आणि गर्भावस्थेतला शंख यांवरून ॲमोनाइट हे नॉटिलसपेक्षा माकूल-अष्टपादांच्या अधिक जवळचे ठरतात. माकुलाला दहा भुजा असतात. म्हणून ॲमोनाइटलाही दहा असाव्यात. अनुमान वाजवी आहे, पण ते अनुमान आहे. जुन्या चित्रांत हाच ॲमोनाइट नॉटिलससारखा, असंख्य बारीक भुजांचा आणि डोक्यावर टोपीसारखे आवरण असलेला रंगवलेला दिसतो. चित्र बदलले ते भुजा सापडल्या म्हणून नव्हे. नात्याविषयीचे मत बदलले म्हणून बदलले. भुजांच्या बाबतीतला एक प्रत्यक्ष दुवा उत्तर अमेरिकेतल्या ऱ्हीबोसेरास या ॲमोनाइटच्या शंखात मिळालेल्या बारीक आकड्यांचा आहे. आधी ते दात समजले गेले होते. २०२१ सालच्या अभ्यासात ते भुजांवरचे आकडे असावेत असे मांडले गेले. एकाच वस्तूची ओळख वीस वर्षांत तोंडातून हातावर गेली.

दोष कुणाचा?

या साऱ्यात संशोधकांनी काही गैर केले, असे आम्हांला म्हणायचे नाही. एका नमुन्यावरून दावा करणे, त्यावर आक्षेप घेणे आणि नवा पुरावा आला की जुनी ओळख सोडणे, हाच विज्ञानाचा रोजचा व्यवहार आहे. तरीही एक गोष्ट संशोधकांनाही सांगावीशी वाटते. दुर्मिळ नमुन्याला मोठे नाव आणि मोठी तारीख देण्याची घाई महागात पडते, कारण ती तारीख तिथेच राहत नाही. सजीवांच्या जनुकांतील फरकांवरून दोन कुळे कधी वेगळी झाली हे काढताना जीवाश्मांच्या तारखा खुंटीसारख्या वापरतात. खुंटी चुकीच्या जागी ठोकली, तर तिला टांगलेल्या सर्वच तारखा सरकतात.

अधिक दोष आम्ही लोकविज्ञानाच्या लेखनाला देतो, आणि त्यात आमच्यासारखे लिहिणारे आलेच. दावा पहिल्या पानावर येतो, दुरुस्ती कुठेच येत नाही. ‘असावा’ हा शब्द मूळ निबंधात असतो. बातमीत त्याचा ‘होता’ होतो आणि तक्त्यावर तोही गळून चित्र उरते. शब्दांत शंका ठेवता येते. रंगीत चित्रात ती ठेवायला जागाच नसते. विद्यार्थ्याच्या मनात शेवटी चित्रच राहते. मोठेपणी ते चुकीचे निघाले की त्याचा विश्वास चित्रावरून उडत नाही, विज्ञानावरून उडतो. ‘हे लोक रोज वेगळे सांगतात’ हे उद्गार आपण सर्वांनी ऐकले आहेत. रोज वेगळे सांगितले जाते, कारण काल सांगताना खात्री किती होती हे सांगायचे राहिलेले असते.

कुणी म्हणेल, इतक्या शंका लहान मुलांपुढे मांडल्या तर त्यांची गोडी जाईल. आमचे मत उलट आहे. तयार प्राणी हातात दिला तर मूल त्याचे नाव पाठ करते. शंख दिला आणि आतला प्राणी कसा शोधाल असे विचारले, तर ते विचार करू लागते.

अलीकडचे एक उदाहरण याच वृत्तीचे फळ आहे. माकुलांची शरीरे दगडात टिकत नाहीत, हे वर आले आहे. पण माकुलाला कायटिनची कठीण चोच असते. जपानमधील होक्काइदो बेटावरच्या क्रिटेशस काळातल्या खडकाचे तुकडे तेथील संशोधकांनी थर घासत, प्रत्येक थराचे छायाचित्र घेत संगणकात पुन्हा उभे केले. २०२५ साली त्यांनी प्रसिद्ध केले की त्यांत माकुलांच्या २६३ चोची मिळाल्या आणि त्या सुमारे ४० जातींच्या आहेत. माकुलांचा उगम सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी झाला आणि ते वेगाने फोफावले, असे त्यांचे म्हणणे आहे. ज्यांना आपण अनुपस्थित समजत होतो ते त्याच खडकात होते. आपण शरीर शोधत होतो आणि खडकाने चोच जपली होती. या चोचींवरून माकुलांची शरीरे रंगवणारी चित्रे आता येऊ लागतील. ती पाहताना चोच किती आणि कल्पना किती, हे विचारायला हरकत नाही.

वर्गात करून पाहण्याजोगी एक गोष्ट सुचवतो. त्यासाठी जीवाश्म लागत नाही. किनाऱ्याजवळच्या शाळांनी समुद्रफेन घ्यावे, इतरांनी गोगलगाईचा रिकामा शंख घ्यावा. हातातल्या वस्तूत जे प्रत्यक्ष दिसते ते मुलांनी काळ्या शाईने काढावे. त्यावरून जे अनुमान करता येते, उदाहरणार्थ प्राण्याचा आकार किंवा तोंडाची दिशा, ते पेन्सिलीच्या तुटक रेषेने काढावे आणि शेजारी कारण लिहावे. जे नुसतेच मनाने भरले आहे ते रंगाने भरावे. मग हीच पद्धत पुस्तकातल्या ॲमोनाइटच्या चित्राला लावावी. शंख शाईत जाईल. जबडा आणि स्नायू काही जातींपुरते शाईत जातील. भुजा तुटक रेषेत राहतील आणि त्या दहा का काढल्या याचे कारण शेजारी लिहावे लागेल. असे एक चित्र वर्गाच्या भिंतीवर लावले आणि नवी माहिती आली की एखादी तुटक रेषा शाईने पक्की केली किंवा खोडून टाकली, तर तक्ता जुना होणार नाही. खोडरबर मात्र तक्त्याजवळच टांगून ठेवावे.